दोन डोळे होईस्तोवर

पेणच्या रामवाडीत सखा म्हात्रेचं घर शोधायचं असेल तर सकाळी दहानंतर यावं. पत्ता विचारावा लागत नाही. बिल्डिंगच्या जिन्याशी उभं राहिलं की वरून घोरणं ऐकू येतं, आणि त्याच्या मागं मागं चढत गेलं की दुसऱ्या मजल्यावर बरोबर दार सापडतं. सिलिंडरवाला असाच येतो, कुरिअरवालाही असाच येतो. शेजारच्या नम्रताची तान्ही मुलगी तर हा आवाज चालू असला तरच दुपारची झोपते, असं नम्रता सांगते, आणि नम्रता काही थापाडी बाई नाही.

आता धडधाकट माणूस सकाळी दहाला झोपतो म्हणजे आळशी असेल, असं कोणी समजू नये. सखा रोह्याच्या एका कंपनीची बस चालवायचा. रात्रपाळीची माणसं पेणहून न्यायची, दुसऱ्या पाळीची परत आणायची, पहाटे पहिल्या पाळीची खेप मारायची आणि सुटलेली रात्रपाळी घेऊन साडेआठला पेणला यायचं. अठरा वर्षं हेच. एवढ्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही, याचा त्याला भारी अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. घरी येऊन दोन भाकऱ्या पोटात गेल्या की तो आतल्या खोलीत आडवा व्हायचा, आणि पाठ टेकायचा अवकाश, सुरू.

त्याची बायको अनिता त्या वेळी बाहेरच्या खोलीत गणपतींचे डोळे आखत बसायची. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांना तोटा नाही, पण आखणीचा हात सगळ्यांना नसतो. अंगाला रंग कोणीही देतं. डोळ्याची रेघ चुकली की देव रागावलेला दिसतो, नाहीतर पेंगुळलेला, आणि गिऱ्हाईक मूर्ती खाली ठेवून शेजारच्या कारखान्यात जातं. अनिताच्या रेघेला पेणमध्ये मान होता. मोठ्या मूर्ती ती कारखान्यात जाऊन आखायची, वीतभर उंचीच्या मूर्ती मालक फळीवर मांडून घरी पाठवायचा.

आखणीचा एक नियम आहे. ब्रश टेकवण्याआधी श्वास सोडायचा आणि तिथंच रोखायचा. छाती हलली की हात हलतो. वरची पापणी, खालची पापणी, बुबुळ, आणि मग श्वास. एका श्वासाला एक डोळा, हे तिला तिच्या वडलांनी शिकवलं होतं. पण आतल्या खोलीत असा नवरा असला तर वडलांची विद्या काय कामाची? अनितानं लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यावर तोडगा काढला. सखाचं घोरणं चढत चढत जायचं आणि मध्येच एकदम बंद पडायचं. तेवढ्या शांततेत ती डोळा आखून घ्यायची. मग आतून मोठी धाप ऐकू यायची, घोरणं पुन्हा सुरू व्हायचं, आणि ती ब्रश रंगात बुडवून पुढच्या शांततेची वाट बघायची. कारखान्यातल्या बायांना ती हसत हसत सांगायची, की आमचे हे झोपेतसुद्धा मला हातभार लावतात. बाया म्हणायच्या, "नशिबाची हायस गो." अशी ती सोळा वर्षं नशिबाची होती.

आषाढातल्या एका मंगळवारी फळीवर एकतीस मूर्ती होत्या. साडेअकराच्या सुमाराला घोरणं थांबलं. अनितानं श्वास सोडला, रोखला, डावा डोळा आखला, मग श्वास घेतला. आत अजून शांत होतं, म्हणून तिनं उजवाही आखून टाकला. दोन्ही डोळे झाले तरी आत चिडीचूप. एरवी ती खूश झाली असती. त्या दिवशी ती त्या मूर्तीकडे बघत राहिली आणि तिच्या मनात आलं, दोन डोळ्यांच्या मध्ये मला श्वास घ्यावा लागला. ह्यांनी कुठं घेतला?

ती उठून आत गेली. सखा उताणा पडला होता, तोंड उघडं होतं. पोट वरखाली ओढलं जात होतं, छाती धडपडत होती, पण नाकातोंडातून वारा म्हणून येत जात नव्हता. ओठ काळपट झाले होते. अनितानं त्याच्या खांद्याला हात घातला, तेवढ्यात त्यानंच मोठी धाप टाकली, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागला. ती घाबरली होती, आणि त्याहून जास्त तिला स्वतःची लाज वाटत होती. सोळा वर्षं ज्या वेळात नवऱ्याचा जीव अडकत होता, त्याच वेळात आपण निवांत देवाचे डोळे आखत होतो.

अनिता रडत बसणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं फळी तशीच ठेवली आणि जुना पेपर घेऊन सखाच्या उशाशी बसली. श्वास अडला की पेपरवर ब्रशचा एक ठिपका. एका तासात सव्वीस ठिपके झाले. तिनं तो पेपर सासूला दाखवला.

बायजाबाई म्हणजे खाडीकडची, मिठागरात उभं आयुष्य काढलेली बाई. तिला सुनेचं काही पटलं नाही. तिच्या मते घोरणं हा आजार नव्हता, घराण्याची मिळकत होती. सखाचा बाप काळुराम मिठागरावरच्या झोपडीत झोपायचा तेव्हा बांधापलीकडच्या माणसांना मिठाची राखण चालू आहे हे आपोआप कळायचं. "घोरणारा पुरुस घरात असला की चोर येत नाय," ती म्हणाली. "आनि मधी मधी थांबतो तवा त्याला खरी झोप लागते. बापसाचं बी तसंच व्हतं. पन्नासाव्या वर्षी झोपेतच गेले ते. कुनाला तरास नाय, कुनाला हाक नाय. असं मरान पुन्यवानाला मिलतं, गो."

काळुरामच्या त्या पुण्यवान मरणाची गोष्ट घरात सगळ्यांनी शंभरदा ऐकली होती. अनितानं ती एकशे एकाव्यांदा ऐकली, आणि या खेपेला तिनं मनातल्या मनात हिशोब केला. सखाला मार्गशीर्षात सेहेचाळीस वर्षं पूर्ण होणार होती.

त्याच संध्याकाळी नम्रताचा नवरा प्रविण घरी आला. तो त्याच कंपनीत, त्याच बसनं जाणारा. सखा दाढी करायला गेला होता, म्हणून त्यानं आवाज खाली आणून सांगितलं, "वयनी, बोलू नये, पन बोलतो. सोमवारी नागोठन्याच्या अलीकडं रस्त्याच्या कामासाठी गाड्या थांबवल्या व्हत्या. पुढच्या गाड्या सुटल्या तरी आपली बस जागची हालंना. मागून भोंगे. मी जाऊन बगतो तर सखादादा स्टेअरिंगवर हात ठेवून झोपलेला. घोरत व्हता. सगली हसली. मला काय हसू आलं नाय." अनितानं विचारलं, असं कितीदा झालं? प्रविणनं बोटांवर मोजायला घेतलं, आणि तिला उत्तर मिळालं.

सखाला तिनं चहा देऊन सरळच विचारलं. तोही सरळच चिडला. गाडी उभी होती, डोळा लागला, त्यात एवढं काय? दिवसाची झोप ती, तिला रात्रीची सर येणार आहे का? "आनि डाक्टर-बिक्टर नको," तो म्हणाला. "कंपनीच्या कानावर गेलं की डायवर झोपतो, मंग झालं. उद्यापासून गेटवर उभा करतील मला." भीती ही होती. सखाचं सगळं मोठेपण त्या स्टेअरिंगमध्ये होतं, ते गेलं तर आपण कोण, हे त्याला माहीत नव्हतं. बायकोला हे कळलं, पण म्हणून तिनं ते सोडून दिलं नाही.

आधी घरचे उपाय झाले, कारण सखा तेवढेच करायला तयार होता. बायजाबाईनं नाकात तूप सोडलं. उशाला दोन उशा दिल्या, तर मान अवघडली. रविवारची बाटली बंद झाली, त्यावर सखा दोन दिवस बोलला नाही. मग अनितानं त्याच्या बनियनला पाठीवर खिसा शिवला आणि त्यात शाडूचा लिंबाएवढा वाळलेला गोळा घातला, की उताणा झाला की टोचेल आणि माणूस कुशीवर वळेल. युक्ती चुकीची नव्हती. कुशीवर आवाज थोडा उतरला, ठिपकेही कमी झाले. पण चौथ्या दिवशी शंभर किलोच्या सखानं झोपेत त्या गोळ्याचं पीठ केलं आणि पाठभर माती घेऊन उठला. बायजाबाई हसून हसून बेजार झाली. अनिता हसली नाही. बस रोज रात्री साडेनऊला निघतच होती.

रविवारी सखाची सुट्टी होती. सकाळी जेवण झाल्यावर अनितानं फळीवरची एक मूर्ती पाटावर मांडली, ब्रश घेतला आणि नवऱ्याला समोर बसवलं.

"काय तमाशा हाय?" सखा म्हणाला.

"श्वास सोडायचा सगला. सोडला? आता नाक धरा. मी दोन डोळे आखते. माझे दोन डोळे होईस्तोवर तुम्ही श्वास घ्यायचा नाय."

"त्यात काय मोठंसं?"

"काय नाय. झोपेत तर तुम्हाला सहज जमतं."

त्यानं नाक धरलं. अनितानं घाई केली नाही, रोजच्याच चालीनं रेघ ओढली. वरची पापणी झाली, खालची झाली. बुबुळाला ती आली तेव्हा सखाचे डोळे मोठे झाले होते. दुसऱ्या डोळ्याची पापणी अर्धी झाली आणि त्यानं तोंड उघडून भसकन हवा ओढली.

"अजून अर्धा ऱ्हायला," अनिता म्हणाली. "बरं, तीन श्वास घ्या. आता परत."

दुसऱ्या खेपेला एकच डोळा झाला. तिसऱ्या खेपेला एकही पुरा झाला नाही. सखाच्या कपाळावर घाम आला, मानेची शीर उडायला लागली. "बास," तो म्हणाला, "मारतीस काय आता?"

"मी तीनदाच केलं," अनिता म्हणाली. तिनं ठिपक्यांचा पेपर त्याच्यासमोर ठेवला. "हे तुम्ही तासाला सव्वीसदा करता. सहा तास झोपता. ही कसली झोप? तुम्ही रोज दिवसभर मरत मरत जगता आनि रात्री तीस मान्सं मागं बसवून गाडी चालवता. त्यातला एक परविन हाय. त्याची पोर अजून रांगत पन नाय."

सखा पेपराकडे बघत राहिला. तेवढ्यात दारात बसलेली बायजाबाई बोलली. ती केव्हा येऊन बसली हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"त्यांचं बी असंच थांबायचं," ती म्हणाली. "मी पायानं हालवायची त्यांना. लई वेल झाला की झोपेतच माजा पाय जायचा. हालवलं की घोरायला लागायचे. माज्या पायाला सवय झाली व्हती ती." तिनं पाय जवळ ओढून घेतले. "ज्या रात्री गेले, त्या रात्री मी माहेराला व्हते. भावाच्या पोराचं बारसं व्हतं."

वीस वर्षं पुण्याईच्या नावाखाली झाकून ठेवलेलं तिनं स्वतःच उघडं केलं होतं. सखानं आईकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि म्हणाला, "कुठं जायचं ते सांग."

पेणमध्ये नको, ओळखीचं कोणी बघेल, म्हणून सखानं रोह्याची बाजू धरली. पुलापलीकडे अष्टमी गावात डॉक्टर नमितांचा दवाखाना होता. इतक्या हुशारीनं निवडलेल्या दवाखान्यात कंपनीच्या दुसऱ्या पाळीची तीन माणसं आधीच बसलेली होती. त्यांना रामराम करून सखा कोपऱ्यात टेकला, आणि नंबर यायच्या आत झोपला. आतून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "हे जे बाहेर घोरतायत, त्यांनाच आणा आधी."

त्यांनी टेपनं सखाची मान मोजली, रक्तदाब बघितला, तो चढलेला होता. झोपून उठल्यावर डोकं जड असतं का, विचारलं. असतं. अनितानं ठिपक्यांचा पेपर पुढं केला. बाईंनी तो नीट बघितला. "असा पेपर मला आजवर कोणी आणून दिला नव्हता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं येते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून वारा जाताना मऊ भाग थरथरतो, तो आवाज म्हणजे घोरणं. प्रत्येक घोरणाऱ्याला धोका असतो असं नाही. पण काहींची वाट पार बंद होते. मग आवाजही बंद. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागा करतो, धाप लागते, पुन्हा तेच. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. त्याला वाटतं, आपण मस्त झोपलो.

"म्हंजे घोरत असतो तवा मी जिता असतो," सखा म्हणाला.

"गप्प झालात की बायकोनं काळजी करायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी एक छोटं यंत्र दिलं, बोटाला चिमटा आणि नाकाखाली बारीक नळी. ते लावून सखा घरी एक झोप झोपला. यंत्रानं तासाला चौतीस वेळा श्वास अडल्याचं सांगितलं. अनिताचे सव्वीस त्यापेक्षा कमी होते, पण ती काही मशीन नव्हती. उपायही ठरला. वजन उतरवायचं, बाटली बंदच ठेवायची, आणि झोपताना नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं वाट उघडी ठेवणारं मशीन वापरायचं. आधी भाड्यानं घ्या, जमलं तर विकत घ्या, असं त्या म्हणाल्या. आणि महिनाभर स्टेअरिंगला हात लावायचा नाही.

शेवटचं वाक्य ऐकून सखाचा चेहरा पडला. पण दुसऱ्या दिवशी तो स्वतःच कंपनीच्या गाड्या बघणाऱ्या महिपतींसमोर जाऊन उभा राहिला आणि नागोठण्याच्या अलीकडचं सगळं त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं. महिपतींनी डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली. महिनाभर रात्रपाळीला गॅरेजमध्ये थांब, बरा झाल्याचं लिहून आण, बस तुझीच आहे, असं म्हणाले. सखा दारापर्यंत गेल्यावर त्यांनी त्याला परत बोलावलं आणि हळूच विचारलं, "त्या डॉक्टरांचा नंबर दे रे. आमची मंडळी पण काहीतरी म्हणत असते."

मशीन घरात आलं, त्या दिवशी बायजाबाईनं पदर तोंडाला लावला. नाकावर मास्क, त्यातून निघालेली लांब नळी, आणि खाली सखाचं पोट. "गो अनिता, फळीवर एकतीस हायेत, हा बत्तिसावा. याचे डोळे तेवढे आखून टाक." सखा मास्कमधून काहीतरी शिवी पुटपुटला. पहिले दोन दिवस त्यानं झोपेत मास्क ओरबाडून काढला. तिसऱ्या दिवशी अनितानं पट्टा सैल केला, मास्कच्या कडेला मऊ कापड लावलं आणि तो झोपेपर्यंत त्याचा हात धरून बसली. पाचव्या दिवशी मास्क जागेवर राहिला. घर इतकं शांत झालं, की शेजारून नम्रता विचारायला आली, सखादादा बरे आहेत ना?

बरे होते. तरी त्या शांततेवर विश्वास ठेवायला दोघी बायकांना जड गेलं. बायजाबाई दर थोड्या वेळानं आत जायची, मुलाच्या छातीवर तळहात ठेवायची आणि बाहेर यायची. तिला कोणी हसलं नाही.

श्रावणातल्या एका शनिवारी सखा दुपारी चारला उठला आणि पलंगावर बसून राहिला. त्याचा चेहरा निवळला होता, डोळ्यांखालची सूज उतरली होती. अनिता चहा घेऊन गेली, तिच्या मागून सासू.

"मला सपान पडलं," सखा म्हणाला. त्याला स्वतःलाच ते नवल वाटत होतं. "किती वर्षांनी पडलं. बाबा व्हते सपनात."

बायजाबाई दाराची चौकट धरून उभी राहिली. "काय करीत व्हते?"

"झोपले व्हते. मिठागरावर."

"घोरत व्हते?"

"नाय."

मग तिनं विचारलं, "श्वास घेत व्हते काय रे?"

सखानं आईकडे बघितलं. "व्हय, आये. चांगला घेत व्हते. मी बाजूलाच बसलो व्हतो."

बायजाबाईनं मान हलवली, डोळे पुसले आणि कपात साखर कमी आहे असं काहीतरी म्हणत स्वयंपाकघरात गेली. ती लांब गेल्यावर अनितानं हळू आवाजात विचारलं, "खरंच बघितलंत?"

"बाबा दिसले, एवढं खरं," सखा म्हणाला. "म्होरलं आयेला पायजे व्हतं."